सासूबाईंशी बोलायला आणलेला शब्दकोश

मी एक वेल्श शब्दकोश. जाडजूड, निळ्या कापडी बांधणीचा, पाठीवर सोनेरी अक्षरं मिरवणारा. खोटं कशाला बोलू, मला माझ्या वजनाची फार घमेंड होती.

मला घडवणारी मंडळी विद्वान. जुन्या पोथ्या, प्रवचनं, कविता चाळून त्यांनी एकेक शब्द वेचला. चुलीपाशी, गोठ्यात माणसं काय बोलतात, हे त्यांनी कुणाला विचारलं नसावं. मग मी उत्तर वेल्समधल्या एका समुद्रकाठच्या गावात आलो. नेरिसबाईंच्या पुस्तकांच्या दुकानात वरच्या फळीवर कित्येक वर्षं बसून होतो. चॅपेलमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या चर्चमध्ये, पाठांतराचं बक्षीस द्यायचं असलं की आमच्यातला एखादा खपायचा. खाली गल्ल्यापाशी बोलीभाषेचे छोटे, कागदी पुठ्ठ्याचे शब्दकोश असत. त्यांच्याकडे मी ढुंकूनही बघत नसे.

एके दिवशी लॉरेन दुकानात आली. ती मूळची इंग्लंडची, गेथिनशी लग्न करून इथल्या मेंढ्यांच्या शेतावर नांदायला आलेली. आता केस पिकले होते तिचे. नवी नवरी असताना तिनं वेल्श शिकायची खटपट केली होती, पण इथली माणसं पडली भिडस्त. समोरचा एका शब्दाला अडखळला, की त्याला त्रास नको म्हणून लगेच इंग्रजीवर येतात. सासूबाई, एलिनेडबाई, त्याही तशाच. त्यामुळे सासू-सुना जन्मभर इंग्रजीतच बोलल्या, आणि इतक्या जपून बोलल्या की कधी खटका म्हणून उडाला नाही.

त्या हिवाळ्यात एलिनेडबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय थोडेफार सावरले, पण मागाहून शिकलेलं इंग्रजी साफ गेलं. उरलं ते फक्त वेल्श. गेथिन दिवसभर मेंढरांमागे, घरात ह्या दोघीच. सासू काहीतरी मागायची, सून नुसती तोंडाकडे बघत राहायची. कार्डिफला राहणारी लेक हेलेद हिनं फोनवर स्पष्टच सांगितलं, की जिथे आईशी दिवसभर कुणी बोलू शकत नाही तिथे आईनं राहायचं कशाला? ईस्टरला येते आणि तिला इकडच्या वृद्धाश्रमात आणते. म्हातारी त्या घराबाहेर आठवडाभरही टिकणार नाही, हे लॉरेनला ठाऊक होतं.

म्हणून ती आली होती. तिनं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. नेरिसबाई म्हणाल्या, "अगं, तो लिहिणाऱ्यांचा. तुला बोलायचंय ना? मग हा छोटा ने. आपल्या उत्तरेकडचे शब्द आहेत यात." लॉरेनला वाटलं, आपल्याला कमी लेखतायत. तिनं मलाच उचललं. मी तर फुलून गेलो.

घरी आल्यावर तिनं माझी पानं उलटून एक वाक्य जुळवलं आणि सासूसमोर हात जोडल्यासारखी उभी राहून म्हटलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर ते असं झालं: "मातोश्री, आपणांस स्नान करावयाची इच्छा आहे काय?"

एलिनेडबाई ताठ बसल्या. केस सारखे केले, शाल ओढून घेतली. इतकी शुद्ध भाषा त्यांनी जन्मात एकाच ठिकाणी ऐकली होती, चॅपेलच्या व्यासपीठावरून. झटक्यानंतर माणसं ओळखताना त्यांचा गोंधळ व्हायचा; त्यांना वाटलं, घरी नव्या पाद्रीबाई आल्यात. झालं! त्या दिवसापासून लॉरेननं तोंड उघडलं की म्हातारी अदबीनं हवापाण्याच्या गोष्टी करी. भूक लागली तरी सांगेना, संडासला जायचं तरी सांगेना. पाद्रीबाईंना असलं कसं सांगायचं? अंघोळीला तर हातच लावू देईना. एकदा बसल्या जागी कपडे ओले झाले आणि लाजेनं बिचारी भिंतीकडे तोंड करून रडली. लॉरेनही स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी टेबलावर होतो. माझ्यामुळे कुणी रडावं असं मला कधी वाटलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

लॉरेन परत दुकानात गेली आणि छोटा घेऊन आली. नेरिसबाईंनी आणखी एक चांगलं काम केलं. खाटीक, पोस्टातली बाई, शेजारीपाजारी, सगळ्यांना बजावलं, की लॉरेन अडखळली तर अडखळू द्या, थांबा, पण इंग्रजीवर येऊ नका. त्यांना ते फार जड गेलं. खाटीक तर म्हणे घाम पुसत उभा राहायचा. पण थांबला. लॉरेन चुकतमाकत बोलत राहिली, आणि घरातल्या पाद्रीबाई हळूहळू निघून गेल्या.

ईस्टरला हेलेद आली ती मोठी रिकामी बॅग घेऊनच. दारातच थबकली. आत एलिनेडबाईंचा आवाज चढला होता, आणि लॉरेन वेल्शमधूनच उलट उत्तरं देत होती.

"हे बटाटे सोलतेस की तासतेस? अर्धा बटाटा सालीबरोबर चालला."

"मग या, तुम्हीच सोला. नुसत्या बसून हुकूम सोडताय."

"हात चालत असता तर तुझ्या हातात सुरी दिली असती होय?"

"द्यायची नव्हती तर चाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंत कशाला?"

हेलेदनं बराच वेळ ऐकलं. आईला असं भांडताना तिनं झटक्यानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि वहिनीशी भांडताना तर जन्मात पहिल्यांदा. मग तिनं बॅग दाराबाहेरच ठेवली आणि आत येऊन बटाटे सोलायला बसली. न्यायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

मी हल्ली एलिनेडबाईंच्या दुखऱ्या पायाखाली असतो. उंची बरोबर जमते म्हणतात. शब्दकोश घ्यायला निघालात तर जाडी बघू नका, कुणाशी बोलायचंय ते आधी ठरवा. त्या दोघी अजून रोज भांडतात, आणि त्यांच्या भांडणातला एकही शब्द माझ्यात सापडत नाही.