आठ दिवसांचा आठवडा

दुभाष्याला लोक हमखास एक प्रश्न विचारतात. "मधल्या मध्ये तुम्ही मनाचं काही घालता का हो?" मला या प्रश्नाचा भयंकर राग येतो. डॉक्टरला कुणी विचारतं का, मधल्या मध्ये एखादं मूत्रपिंड काढून घेता का म्हणून? अकरा वर्षं मी परदेशी नागरिकांच्या कचेरीत, सहा नंबरच्या खोलीत, मधल्या खुर्चीवर बसतो आहे. माझ्याविरुद्ध एक तक्रार नाही. निदान त्या मंगळवारपर्यंत नव्हती.

आमच्या कामाचा एक नियम आहे, तो आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. समोरचा माणूस "मी" म्हणाला, की दुभाष्यानेही "मी"च म्हणायचं. 'या बाई असं म्हणताहेत की' वगैरे शेपूट लावायचं नाही. त्यामुळे या खोलीत मी आजवर काय काय झालो आहे विचारू नका. नापास विद्यार्थी झालो, पळून गेलेला स्वयंपाकी झालो, नवऱ्याने पासपोर्ट लपवून ठेवलेली बायको झालो. एकदा तर मी साहेबांना सांगितलं, "मला पाचवा महिना लागला आहे." त्यांनी मान वर न करता ते लिहून घेतलं.

साहेब म्हणजे पट्टीवाले साहेब. हे नाव मी ठेवलेलं. कुठलाही कागद वाचताना ते ओळीखाली लाकडी पट्टी धरतात आणि एकेक ओळ संपली की ती खाली सरकवतात. माणूस वाईट नाही. पण पट्टीच्या खालचं त्यांना दिसत नाही आणि वरचं झालं की ते संपलं.

तर मंगळवारी सकाळी पहिला नंबर काकूंचा होता. काकू माझ्या कुणी नव्हेत. साठीच्या, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या, बोटाला सुईच्या टोचण्यांनी घट्टे पडलेल्या बाई. तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या थोरल्या बहिणीकडे आल्या होत्या. बहीण सत्त्याहत्तरची, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. न्हाणीघरात पाय घसरून तिचा खुबा मोडला. काकू तिला 'अक्का' म्हणत आणि दर दुसऱ्या वाक्यात म्हणत.

आदल्या आठवड्यात, व्हिसाची मुदत संपली त्याच सोमवारी, त्या मुदतवाढ मागायला आल्या होत्या. ती नाकारली गेली. पण साहेबांनी वाट दाखवली. एका आठवड्याच्या आत डॉक्टरांचं पत्र घेऊन या, किरकोळ दंड भरा, आणखी दहा दिवस मिळतील आणि पुढे पुन्हा यायला आडकाठी नाही. आठवडा उलटला तर मात्र तीन दिवसांत देश सोडायचा आणि तीन वर्षं प्रवेशबंदी. मधल्या खुर्चीवर मीच होतो. हे सगळं मी त्यांना नीट, शब्दन् शब्द सांगितलं होतं.

आता त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि कागद काढले. पासपोर्ट, हॉस्पिटलचे कागद, डॉक्टरांचं पत्र. आकाराप्रमाणे लावलेले, मोठा खाली, लहान वर. चेहऱ्यावर वेळेत गृहपाठ आणलेल्या मुलीचं समाधान होतं.

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग पट्टी कॅलेंडरला लावली. "मुदत काल संपली," ते म्हणाले. "तुम्ही काल का आला नाहीत?"

मी ते मराठीत सांगितलं. काकू हसल्या.

"काल कशी संपेल? आज आठवा दिवस. तो सोमवार तर संपतच आला होता, तो कसा धरायचा? मंगळवारी एक, बुधवारी दोन..." त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत पुन्हा मोजलं. "आज आठ. तुम्ही आठ दिवस म्हणाला होतात की."

हे मी साहेबांच्या भाषेत म्हणालो. नियमाप्रमाणे. "तुम्ही आठ दिवस म्हणाला होतात." आणि म्हणता म्हणताच मी चपापलो.

कारण आठ दिवस साहेब म्हणालेच नव्हते. ते 'आठवडा' म्हणाले होते. आठ दिवस मी म्हणालो होतो.

आपण म्हणतोच ना तसं. शिंप्याकडे कापड टाकलं की तो म्हणतो, आठ दिवसांनी या. सोमवारी टाकलं तर आपण पुढच्या सोमवारी जातो. कुणी मंगळवारी जात नाही. दोन्ही सोमवार धरून आठ होतात आणि प्रत्यक्षात दिवस सातच उलटतात, याचा हिशेब आपण कधी करतच नाही. तसेच आपले पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे, आणि दोन आठवड्यांचे दिवस चौदा. आपल्याला सगळ्यांना ते कळतं, म्हणून कुणी तोंडातून काढताना विचार करत नाही. मीही केला नाही. अकरा वर्षं जिभेला कुलूप लावून बसणारा मी, आणि घरच्या सवयीने बोलून गेलो.

साहेबांनी फाईल काढली. पट्टी सरकत सरकत एका ओळीवर थांबली. "इथे नोंद आहे. एक आठवडा. सात दिवस." मग पहिल्यांदाच ते माझ्याकडे वळले. "तुम्ही त्यांना कुठला शब्द सांगितला होता?"

मी म्हणालो, "आमच्या भाषेत आठवड्याला जे म्हणतात, तेच."

हे खोटं नव्हतं. कुणाही मराठी माणसाला विचारा, तो शपथेवर हेच सांगेल. मलाही ते शपथेवर सांगता आलं असतं. शिवाय या इमारतीत मराठी कळणारा माणूस एकच होता, आणि तो मी. साहेबांचं समाधान झालं. ते पुन्हा कागदाकडे वळले आणि माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटायला हवी होती. ती जरा उशिरा आली.

मी घाबरलो होतो, आणि त्याला कारण होतं. मीही इथला नाही. माझा राहण्याचा परवाना याच कामावर दिलेला आहे. दुभाष्याची चूक नोंदली गेली, की तो कचेरीच्या यादीतून जातो. यादीतून गेला, की परवाना जातो. आणि मग तो मधल्या खुर्चीवरून उठून समोरच्या खुर्चीवर येतो. माझी मुलगी इथल्या शाळेत नववीत आहे. बायकोने नुकताच बाल्कनीत कढीपत्ता लावलाय.

"काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं.

दुभाष्याने विचारलेलं सांगायलाच हवं. मी सांगितलं, की नोंद सात दिवसांची आहे. मुदत काल संपली. आता तीन दिवसांत जावं लागेल आणि तीन वर्षं येता येणार नाही.

काकूंचं हसू ओसरलं. "अहो भाऊ, काल आले असते मी. काल अक्काला हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं. पत्र शनिवारीच हातात पडलं होतं. मी म्हटलं, एक दिवस आहे अजून हातात, आधी हिला आणू, पलंगाला दांडी बसवून घेऊ, मग जाऊ. आमच्याकडे आठ दिवस म्हणजे आठवडाच, ते कळतं मला. पण म्हटलं, ही सरकारी कचेरी. इथं आठ म्हणजे आठच असणार. इथं कोण अघळपघळ बोलतंय?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाईने माझ्यावर विश्वास ठेवला होता. घरातला ढिला शब्द तिने कचेरीतला म्हणून कसून मोजला होता. चुकायचं नसतं तर तिने माझ्या शब्दाला कमी किंमत द्यायला हवी होती.

मी तिचं सगळं बोलणं साहेबांना सांगितलं, अगदी पलंगाच्या दांडीसह. त्यांनी ऐकलं. "वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत असावं. "पण नोंदीत कारण लिहावं लागेल. मुदतीत का आला नाहीत?"

काकूंनी डॉक्टरांचं पत्र उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. तीन वर्षं म्हणजे अक्काची ऐंशी. तिचं हृदय किती टक्के चालतं तो आकडा समोरच्या कागदावरच होता. आत्ता ही बाई विमानात बसली, की दोघी बहिणींची भेट संपली. हे तिला कळत होतं आणि मलाही. पण तिने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. तिच्या डोक्यातही ते आलं नसावं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाने कपडे बेतणारी बाई, उसवलं की आपलीच शिवण तपासायची तिला सवय.

"असेल," ती म्हणाली. "माझ्याच डोक्यात भुसा. अक्का म्हणतेच तसं. लिहा म्हणावं, मी चुकले."

मी साहेबांच्या भाषेत म्हणालो, "मी चुकले."

पण त्यांच्या भाषेत चुकले आणि चुकलो वेगळं नसतं. 'मी' बाई की बुवा, ते क्रियापदाला कळतच नाही. ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि माझ्या कानांनी ते ऐकलं. अकरा वर्षांत या खोलीत मी हजारो वेळा 'मी' म्हटलं असेन, त्यातला एकही माझा नव्हता. हा माझा होता. शब्दाशब्दाने खरा होता. आणि साहेब तो दुसऱ्याच माणसाच्या नावावर लिहून घेत होते.

"थांबा," मी म्हणालो. "ते वाक्य माझं आहे."

"हो, लिहितोय ना," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, काकूच बोलताहेत.

"तसं नाही साहेब. त्यांचं नाही. माझं. दुभाष्याचं. मी चुकलो."

साहेबांचं पेन थांबलं. मग मी सगळं सांगितलं. आठ दिवस, आठवडा, दोन्ही सोमवार. त्यांनी दोनदा विचारलं, की सात दिवसांना तुम्ही आठ का म्हणता? मी म्हटलं, ते मलाही माहीत नाही, आमच्या आजोबा-पणजोबांनाही माहीत नसावं. त्यांना हसू आलं नाही. ते फाईल उचलून वरिष्ठांकडे गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. काकूंनी विचारलं, "काय झालं? एवढं काय बोललात?"

"काकू, तुम्ही नाही चुकलात. आठवडा मी तुम्हाला आठ दिवस म्हणून सांगितला. मी चुकलो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या बसतील, आणि बसाव्यात असं वाटत होतं.

"मघाशी त्यांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या.

"भ्यालो."

"हं," एवढंच म्हणून त्यांनी टेबलावरचे कागद पुन्हा आकाराप्रमाणे लावायला घेतले. ते लावलेलेच होते.

अर्ध्या तासाने साहेब परत आले. हातात दोन कागद होते. त्यांनी पहिल्यावर पट्टी धरली आणि वाचायला सुरुवात केली. मी मधल्या खुर्चीवर ताठ बसलो आणि ओळीमागून ओळ मराठीत सांगत गेलो. मुदत चुकीची कळवली गेल्याने उशीर धरलेला नाही. किरकोळ दंड भरावा. दहा दिवस मंजूर. पुढे पुन्हा येण्यास आडकाठी नाही.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "अक्का वाट बघत असेल," त्या म्हणाल्या, दोनदा. मी तेही भाषांतर केलं.

साहेबांनी दुसरा कागद पुढे ओढला. पट्टी ठेवली. त्याच आवाजात, मान वर न करता ते वाचू लागले, आणि अकरा वर्षांच्या सवयीने मी मागोमाग मराठीत सांगू लागलो.

"तुमचं नाव आजपासून यादीतून कमी करण्यात येत आहे. तुमचा परवाना या कामावर असल्याने तुम्हाला कुटुंबासह तीस दिवसांत देश सोडावा लागेल. तसं न केल्यास दंड आणि प्रवेशबंदी लागू होईल."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"हे काय आता? आत्ताच तर म्हणाले, परत येता येईल! मला कुठल्या यादीतून काढलं?"

"तुम्हाला नाही, काकू," मी म्हणालो. "हे मला म्हणाले."