उंबऱ्यातला खिळा

सारजाबाई गेल्याचं धर्माजीला पिंपळवंडीत कळलं. तिथे एकाच्या शेतात त्याने खतासाठी मेंढरं बसवली होती. लोकर घ्यायला येणारा कासम त्या दिवशी बांधावरच थांबला आणि लोकरीचं नाव काढीना.

"धर्माभाऊ, मेंढरं कुणाच्या तरी हवाली कर. वैनी बाळंतपणात गेल्या. बाळबी न्हाई."

धर्माजी आपल्या गावी, लोणीला पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. मंचरला डॉक्टरकडे निघालेली बैलगाडी नदीला पूर असल्याने अर्ध्या वाटेतून परत आली होती. बाळंतपणात गेलेली बाई पुन्हा घरात शिरू नये म्हणून उंबऱ्यात खिळा मारायचा तेवढा राहिला होता. म्हाताऱ्यांनी हातोडा त्याच्या हातात दिला. त्याने मारला.

पुढे विकास योजनेचे साहेब आले. चावडीत बसून त्यांनी देशोदेशीच्या सोयी सांगितल्या.

"इंग्लंडात गरीब-श्रीमंत सगळ्यांना डॉक्टर फुकट."

"आमच्यात मरण फुकट हाय, सायेब," सावळेराम म्हणाला. साहेबही हसले.

"सिलोन तर आपल्यासारखाच गरीब. पण तिथे खेड्यापाड्यांत सरकारी सुईण असते."

धर्माजीने विचारलं, "तिला वाटंत नदी लागत न्हाई का?"

"लागेल कशी? ती तिथेच राहते. तुम्ही बाळंतपणांसाठी खोली द्या, मी नर्स मागतो."

"माझी घ्या," धर्माजी म्हणाला. त्याची लेक तुकाबाई पहिलटकरीण होती, माहेरी आली होती.

दुसऱ्या दिवशी शेजारची ठकूबाई चार बायका घेऊन खोली बघायला आली. ती उंबऱ्याशीच थांबली.

"हितं कोण बाळंतीण निजंल, भाऊ? खिळा दिसतूय की."

"उपटतो."

"मग सारजा आत यील."

"यिऊ दे. घर तिचंच हाय."

"आन् तुकीला घिऊन गेली, मंग?"

धर्माजीने पक्कड आणली होती. सारजा पोटच्या पोरीला नेईल, असं त्याला वाटत नव्हतं. पण जिवंतपणी तिला कधी कुणी खिळा मारून घराबाहेर ठेवलं नव्हतं, त्यामुळे आता तिच्या मनात काय असेल ते त्याला सांगता येईना. त्याने पक्कड कोनाड्यात ठेवली.

त्या खोलीत बायका येणार नाहीत हे कळल्यावर साहेबांनी दुसरी खोली बघा म्हणून निरोप धाडला. सावळेरामाच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण त्यांत कांदा भरायचा आहे, असं तो म्हणतो.

तुकाबाईला नववा लागला आहे. नर्स आलेली नाही, आणि खिळा काढायचा राहिला आहे.