फाटक पडलं की पूल रिकामा

त्या सकाळी कालव्यावर असं धुकं होतं, की बदकांचा आवाज यायचा पण बदकं दिसायची नाहीत. त्या सकाळचं ओझं अजून उतरलं नाही, म्हणून बोलतोय. मी एक पूल आहे. लोखंडाचा नव्हे, संगणकात मांडलेला, नुसत्या खुणांचा.

फ्रीसलँड या कालव्यांच्या मुलखातल्या आमच्या गावचा खरा पूल बोट आली की रस्त्याचं फाटक पाडून वर उचलतात. तो आता दुरून, संगणकाच्या हुकमानं उचलायचा ठरला. हुकूम चुकतो का, ते तपासायला गावातल्याच हिल्के नावाच्या संगणकवाल्यानं मला मांडलं. माझ्यात आकडे नाहीत. वारा म्हणजे कितीही वारा, बोट म्हणजे कुठलीही बोट. या खुणा धरून यंत्र आपसूक चाचण्या काढायचं, माणसाला सुचणार नाहीत असले प्रश्न विचारायचं.

एक खूण मात्र हिल्केनं मोकळी सोडली नाही. फाटक पडलं की पूल रिकामा, असं पक्कं लिहून टाकलं.

"आणि तू रोज फाटकाखालून सायकल काढतोस, ते?" सोबत काम करणाऱ्या आन्स्केनं विचारलं.

"ते मी गं. नियम थोडाच आहे तो."

"नियम पाळणारा एक तरी दाखव या गावात."

दोघं हसली, कॉफी प्यायली. पुढं साऱ्या चाचण्या पार पडल्या. माझं कौतुक झालं, ते मी घेतलं.

मग ते धुकं आलं. दुरून कॅमेऱ्यात काही दिसेना. फाटक पडलं, हुकूम सुटला. हिल्केची शेजारीण, म्हातारी बाउक्ये, सवयीनं सायकल घेऊन फाटकाखालून शिरली होती. पूल उचलला तशी ती घसरत खाली आली. जीव वाचला, पाय मोडला.

ती एक खूण मोकळी असती, तर यंत्रानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, 'फाटक पडलंय, वर माणूस आहे, आता रे?' माझ्या पोटातून तो प्रश्न निघालाच नाही. हिल्के आता मला उघडतो, नुसता बघत बसतो आणि मिटतो.

काल तो बाउक्येकडे जाऊन आला. तिथलं सगळं त्यानं आज आन्स्केला सांगितलं, म्हणून मला कळलं. तो मान खाली घालून दारातच उभा राहिला. तिनं प्लास्टरमधला पाय स्टुलावर सरकवला, साखरेच्या पावाचा तुकडा त्याच्यापुढं केला आणि म्हणाली, "बस रे. पाय माझा मोडलाय, तोंड तू कशाला पाडतोस? तुझ्या त्या पुलावर आता मला घाल. सायकलसकट."