बैठकीतला सरकारी टीव्ही

दुपारची सुट्टी संपली की आदिलाबाद जिल्ह्यातल्या हिवरीच्या मराठी शाळेची पाचवी रांगेनं निघायची आणि यशवंतराव पाटलांच्या दारात पोचल्यावर तिचे दोन तुकडे व्हायचे. गावात याला कोणी तुकडे म्हणत नसे. टीव्हीचा तास म्हणत.

एक तुकडा चपला काढून बैठकीत शिरायचा आणि सतरंजीवर मांडी घालायचा. दुसरा तुकडा म्हणजे मांगवाड्यातली पोरं. ती कोणी न सांगता अंगणातच थांबायची. गोठ्याला लागून एक जागा त्यांनी बसून बसून गुळगुळीत केली होती. उंबरठ्यावर उभ्या असायच्या त्यांच्या शिक्षिका चारुलताबाई. हैदराबादहून येणारा कार्यक्रम तेलुगूतला आणि पोरं मराठी, म्हणून टीव्हीचं एक वाक्य झालं की बाई ते मराठीत सांगायच्या, आधी आत तोंड करून, मग बाहेर तोंड करून. आतल्यांना चित्र आणि मराठी मिळायची. बाहेरच्यांना मराठी आणि टीव्हीची काळी पाठ.

टीव्ही शाळेचा होता. सरकारनं शाळेसाठी धाडला होता आणि खोक्यावर तसं छापलंही होतं. पण जीप आली त्या दिवशी मुख्याध्यापक पांडुरंगरावांना एकदम शाळेच्या दाराची काळजी वाटली. "दार कच्चं हाय, चोरी झाली तं कोण भरन?" असं म्हणून त्यांनी तो पाटलांच्या घरी अमानत ठेवला. शाळेत करंट नव्हता असंही नाही. पांडुरंगरावांच्या खोलीत पंखा फिरत होता, आणि त्याच कच्च्या दाराआड त्यांची नवी सायकल सुखानं उभी असे. पण सरकारी वस्तू मोठ्या घरात राहिली की तिला त्या घराचं वळण लागतं. महिन्याभरात टीव्हीवर पाटलीणबाईंच्या, जयवंताबाईंच्या, हातचं विणलेलं झाकण आलं, झाकणावर प्लास्टिकची फुलं आली, दसऱ्याला कपाळावर कुंकू आलं. संध्याकाळी त्याच्यापुढं पाटलांचं घर जेवायचं, रविवारी सिनेमाला सोयरे जमायचे. उरलेल्या वेळात तो शिक्षण द्यायचा.

चारुलताबाई खुद्द आदिलाबाद शहरातल्या, नोकरदार घरातल्या. टीव्हीवरून कसं शिकवावं याच्या प्रशिक्षणाला खरं तर पांडुरंगरावांचंच नाव आलं होतं. "बटनायचं काम ते. शिलाई मशिनीसारखं. बायांनी शिकावं," म्हणून त्यांनी बाईंना निर्मल गावी पाठवून दिलं. तिथं बाईंना एक गोष्ट मनापासून पटली. यंत्र लावून शिक्षकानं बाजूला बसायचं नसतं. लावण्याआधी पोरांना विचारायचं, चालू असताना बोट ठेवून दाखवायचं, बंद झालं की पोरांच्या हातून करून घ्यायचं. तसं केलं तर वर्गातलं शेवटचं पोरही पुढं येतं. बाई हे सगळं उराशी धरून हिवरीला परतल्या, आणि वर्गातली शेवटची पोरं गोठ्यापाशी बसलेली पाहून उंबरठ्यावर थांबल्या.

त्यांनी विचारून पाहिलं होतं.

"पाटील, ही पोरं निदान ओसरीवर बसली तर? चित्र तरी दिसेल त्यांना."

"मी काय जातपात पाळून राह्यलो काय, बाई?" पाटील अडकित्ता थांबवून म्हणाले. "आमच्या घरात ते जयवंतेचं सोवळं हाय. तिले इचारा."

"मले काई नाई वो बाप्पा," जयवंताबाई आतून म्हणाल्या. "पण गावाले चालन का? उद्या लोक आमच्या इथलं पाणी नाई पेनार."

गावाला विचारावं तर गाव म्हणे, "पाटलाच्या घरचं हाय, आमी काऊन बोलावं?" हिवरीत सोवळं कोणाच्याच मालकीचं नव्हतं. पाळत मात्र सगळे होते.

त्यात गुडीहत्नूरहून निरोप आला. मंडलाचे शिक्षणाधिकारी टीव्हीचा तास बघायला येणार. बाईंना वाटलं, चला, आता तरी पोरं आत येतील. साहेबासमोर अंगणातली पोरं चांगली दिसणार नाहीत, हे पांडुरंगरावांनाही कळतच असणार.

ते त्यांना कळलं होतंच. त्यांनी रात्रभर डोकं चालवलं आणि सकाळी पाटलांच्या सुनेच्या रुखवतातला मोठा आरसा दोन गड्यांकरवी बैठकीच्या मागच्या भिंतीवर, बरोबर टीव्हीच्या समोर, टांगून घेतला. मग स्वतः अंगणात जाऊन उकिडवे बसले आणि दारातून आत पाहू लागले. आरशात टीव्ही दिसत होता.

"पाहा, बाई! इथून सारं दिसून राह्यलं. त्यायचंही झालं, पाटलाचंही झालं. भांडन कायले पाह्यजे? शास्त्र वापरा, शास्त्र!"

अंगणातली पोरं हरखली. आजवर ज्याची नुसती पाठ पाहिली, त्याचं तोंड दिसलं. आणि इथं चारुलताबाईंचाही हिशेब चुकला. पदरात काहीच पडत नसलं की माणूस चिंधीलाही लुगडं समजतो. दिसतंय ना पोरांना, मग आज एवढं तर एवढं, असं म्हणून त्या गप्प बसल्या.

साहेब आले. पंख्याखाली खुर्ची, हातात चहा. त्या दिवशी तेलुगूत भारताचा नकाशा चालला होता: किनारे, बंदरं, मोठी शहरं. बाईंनी निर्मलला शिकल्याप्रमाणे सगळं केलं. आधी विचारलं. मधे बोट ठेवून दाखवलं. तेवढ्यापुरती टीव्हीची काच आतल्या पोरांना जवळ होती आणि बाहेरच्यांना भिंतीएवढी लांब. कार्यक्रम संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता पाहिलं तसं पाटीवर काढा."

आतल्या पोरांनी बटाट्यासारखे का होईना, पण सुलटे भारत काढले. साहेबांनी मान हलवली. मग त्यांची नजर दाराबाहेर गेली.

"वो बच्चे बाहर क्यों बैठे हैं?"

"हवा के लिये, साब," पांडुरंगराव पटकन म्हणाले. "अंदर गर्मी होती. आईना लगाया ना साब, उनको सब दिखता."

"अच्छा? ए लडकी, तू दिखा."

अंगणातली रुख्मिणी उठली आणि उंबरठ्याच्या बाहेरच उभी राहिली. पाटी तिनं दोन्ही हातांनी पुढं धरली. नकाशा रेखीव होता. खालचं टोक निमुळतं, उत्तरेचे डोंगर नीट, समुद्रातलं बेटसुद्धा विसरलं नव्हतं. फक्त मुंबई उजव्या हाताला होती आणि कलकत्ता डाव्या.

साहेब खदखदून हसले. "अरे वा! बंबई को कलकत्ता भेज दिया!"

साहेब हसले म्हणून पांडुरंगराव साहेबांपेक्षा जास्त हसले. "क्या करना साब. कितना भी दिखाओ, इनके डोक्यात नहीं घुसता. बस्तीच वैसी है."

"त्यायच्या रक्तातच नाई ते," पाटील लोडाला टेकून म्हणाले.

रुख्मिणी रडली नाही. ती फक्त बाईंकडं पाहत म्हणाली, "बाई, मी दिसलं तसंच काढलं."

चारुलताबाईंनी पाटी हातात घेतली. नकाशात एकही रेघ अंदाजानं ओढलेली नव्हती. असं पोर सगळा देश उलटा कसा काढील? त्यांनी मान वर केली आणि त्यांना भिंतीवरचा आरसा दिसला. तशाच त्या चालत गेल्या आणि पाटी आरशासमोर धरली.

"साहेब, इकडे बघा."

आरशात मुंबई डावीकडं होती आणि कलकत्ता उजवीकडं. भारत जिथल्या तिथं होता.

"हिनं चूक केली नाही," बाई म्हणाल्या. "हिला आपण उलटा देश दाखवला. हिनं तो बरोबर उतरवला."

साहेब हुशार होते. त्यांना कळलं. कळलं म्हणूनच त्यांनी घड्याळ पाहिलं. "ठीक है, ठीक है. छोटी बात है. बाकी प्रोग्राम अच्छा है."

पांडुरंगराव तर खुललेच. "आन् त्यात काय, बाई! उद्यापासून त्यायच्या पाट्या आरशात धरून तपासू. शास्त्रच हाय ते!"

माणसाला पोराला आत घेणं इतकं अवघड वाटावं की त्यापेक्षा सगळा देश उलटा करून परत सुलटा करणं सोपं वाटावं! इतके दिवस बाईंना या लोकांचा राग येत होता. त्या घडीला राग गेला आणि किळस आली. आणि कालपर्यंत आपण त्यांच्याच उंबरठ्यावर उभ्या होतो, त्याचीही आली.

त्यांनी जाऊन टीव्हीची वायर उपटली. विणलेलं झाकण घडी करून पाटलांच्या हातात दिलं.

"रुख्मिणी, खुशाल, या आत. टीव्ही उचला."

पोरं हलली नाहीत. रुख्मिणीच्या शेजारी बसणाऱ्या खुशालनं हळूच विचारलं, "आत, बाई?"

"आत. ही शाळेची वस्तू आहे आणि तुम्ही शाळेची पोरं आहात. पाय पुसा आणि या."

त्यांनी पाय पुसले. गोठ्यापाशी बसलेल्यांनी पाय पुसून पाटलांच्या बैठकीत पाऊल टाकलं, आणि चौघांनी चार कोपऱ्यांना हात घातला.

"शिवले वो! शिवले!" जयवंताबाई आतून धावत आल्या आणि मधल्या दारातच थबकल्या.

पाटील तांबडेलाल होऊन उठले. पोरांच्या हातून टीव्ही हिसकावायला दोन पावलं पुढं आलेही. पण तिथंच अडले. टीव्ही हिसकावायचा तर टीव्हीला हात लावावा लागणार, आणि टीव्हीला आता त्या पोरांचे हात लागलेले. जन्मभर जे कुंपण दुसऱ्यांसाठी राखलं, त्यात पाटलांचंच धोतर अडकलं. शेवटी त्यांनी तोंडानं जेवढं शूरपण उरलं होतं तेवढं केलं.

"न्या! न्या ते घेऊन! बाटलेली वस्तू घरात नाई पाह्यजे मले! अन् बाई, तुमाले बदली करून उटनूरच्या जंगलात नाई धाडलं तं पाहा!"

"तिथंही शाळा आहे," चारुलताबाई म्हणाल्या.

साहेबांनी उरलेला चहा संपवला. पोरं गावातून टीव्ही घेऊन निघाली तेव्हा दारं उघडली आणि लागली. पाचवीतल्या बैठकीवाल्या पोरांना बाईंनी "चला" म्हटलं. ती उठली, पण एकेकाला एकेक घर गिळत गेलं.

खुशालनं शाळेच्या पत्र्यावर अँटेना बांधला. दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या तासाला वर्ग अर्धा होता. सतरंजी पसरून होत होती तोच पांडुरंगराव आले. हातात पितळी तांब्या, तांब्यात आंब्याचं पान. गोमूत्र होतं.

"बाई, पाटील नरमले," ते दारातूनच कुजबुजले. "म्हंते, एवढं टीव्हीवर शिंपडून घ्या अन् या पोराइले मांगं, दाराजवळ बसवा. सारे लेकरं उद्या येतीन. तुमची बदली बी थांबन. मी बोललो त्यायच्याशी. कोनाचं काय जाते, सांगा?"

"गुरुजी, टीव्हीत वीज आहे. वरून शिंपडलंत तर जळेल."

"मंग पेटीवर शिंपडा. नाईतर झाकनावर. नुसतं केल्यासारखं करा. लोक काय पाहाले येऊन राह्यले?"

बाईंनी तांब्याकडं पाहिलं आणि मग पोरांकडं. रुख्मिणी पहिल्या रांगेत बसली होती. दाराजवळचं ऐकून ती हळूहळू मागं सरकू लागली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. अंगणात थांबायलाही कोणी सांगितलं नव्हतं.

"रुख्मिणी, बस तिथंच," बाई म्हणाल्या. मग दाराकडं वळल्या. "गुरुजी, तांब्या परत न्या. बदली करायची तर करा. पण ती होईस्तोवर हा वर्ग असाच बसेल. येणाऱ्यानं यावं, मिळेल तिथं बसावं. मागं बसायला या शाळेत कोणी येणार नाही."

"तुमी शाळा बुडवली, बाई," पांडुरंगराव म्हणाले आणि तांब्या सांडणार नाही अशा बेतानं निघून गेले. एवढं जपून त्यांनी शाळेचं काहीच कधी नेलं नव्हतं.

बाईंनी टीव्ही लावला. आधी प्रश्न विचारले. मग रुख्मिणीला पुढं बोलावलं, तिचं बोट धरून काचेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "सांग, मुंबई कुठं?"

तिनं सांगितलं. बरोबर सांगितलं.

सतरंजी मात्र बाईंनी पूर्ण पसरली होती, सगळ्या वर्गाला पुरेल एवढी. तिची अर्धी बाजू रिकामी होती. ती गुंडाळून ठेवायला बाईंनी नकार दिला आणि त्या दिवसापासून ती रोज तशीच पसरली जाऊ लागली. त्या रिकाम्या जागेवर ज्यांची लेकरं बसायला हवीत, त्यांच्या घरी वर्तमानपत्र येतं. ही गोष्ट ज्यात छापली, ती रविवारची पुरवणीही येते. तेव्हा ही जागा कोणाची, ते इथं लिहायचं काही कारण नाही.