दोन फॉर्म, एकच नाव

"तुजा कॉम्प्युटर खोटा, नाय तर तू खोटा!" भामाबाईंनी काउंटरवर हात आपटला. "माज्या सुनीताला एक्याऐंशी टक्के. मग लिस्टीत तिचं नाव कुठं हाय?"

"ओ मावशी, आवाज खाली! पोरीने फॉर्म नीट भरला नसेल," शाहीद उसळला. नववीत शाळा सोडलेला हा पोरगा पनवेलच्या या दुकानात बसून वेबसाइट बनवायचा. नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाचा हा फॉर्म त्यानेच बनवलेला. त्याला कुणी नावं ठेवली की त्याचं डोकंच फिरायचं.

"हितंच भरला, तुज्या म्होरं! बाराला लाइट जानार म्हनून ती न शेजारची रमा एकाच मशीनवर दोन खिडक्या उघडून एकदम बसल्या व्हत्या."

शाहीदचा माउसवरचा हात थांबला.

फॉर्म दोन पानांचा. पहिल्यावर नाव-गाव, दुसऱ्यावर मार्क. पहिल्या पानावरचं दुसऱ्यापर्यंत न्यायला त्याने सोपी वाट धरली होती. सर्व्हरवर दर मशीनमागे एक कप्पा. नाव त्यात ठेवायचं, मार्क आले की त्यांना जोडायचं. एका मशीनवर दोघी एकदम भरतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याने नोंदी उघडल्या. रमा, एक्याऐंशी. खाली पुन्हा रमा, चौपन्न. सुनीता कुठेच नाही. कप्प्यातल्या तिच्या नावावर रमाचं नाव बसलं होतं, आणि मार्क रमाला चिकटले होते. दुसरी नोंद कॉलेजच्या ऑफिसने डबल म्हणून खोडली होती. लिस्टीत रमा सातवी. पाचला लिस्ट पक्की होणार, आणि आता साडेतीन झाले होते.

दुकानाचे मालक उदयसिंह मागून सगळं बघत होते. शाहीदच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "गप्प बस. कागद तपासताना रमा आपोआप गळेल."

"आणि सुनीता?"

"तिने फॉर्म भरलाच नाही म्हणायचं. चूक आपली निघाली तर कॉलेजचं काम हातातून जाईल. मग तूही घरी."

शाहीदने स्क्रीन भामाबाईंकडे फिरवला. "मावशी, चूक माझी आहे. ही सातवी जागा सुनीताची."

"न रमा?"

"तिला नाही मिळणार."

भामाबाई मटकन स्टुलावर बसल्या. आवाज पार उतरला. "गव्हान गावात भिंतीला भिंत हाय रं आमची. सकालीच तिची आय पेढं देऊन गेली. आता मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

त्याने दोन्ही नोंदी छापल्या, खाली पेनाने लिहिलं, 'चूक फॉर्म बनवणाऱ्याची', आणि सही ठोकली.

"हा कागद कॉलेजात नेलास तर उद्या येऊ नकोस," उदयसिंह म्हणाले.

तो कागदाची घडी घालत असतानाच मोबाइल वाजला.

"शाहीददादा, मी रमा! मी सातवी हाय! मला तं वाटलंच नव्हतं. तुज्यामुलं फॉर्म येलेवर गेला बग."

शाहीदने डोळे मिटले.

"रमा, आज घरीच थांब. कॉलेजातून मी तुझ्याकडेच येतोय."

"का रं? काय झालं?"

"आल्यावर सांगतो. मला आता निघायला पाहिजे."