चार रेघांमधला मध्य

मित्रांनो, मी एक जुना मध्या आहे. हसू नका! गल्लीत चेंडूमागे धावणाऱ्या एखाद्या पोराचं नाव वाटलं ना? पण हे नाव माझ्या मालकानं लाडानं ठेवलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. लाकडाच्या गोल ओंडक्याचा मध्य शोधून द्यायचा, हे माझं काम.

दिसायला मी अगदी साधा. काटकोनात जोडलेले दोन लाकडी हात आणि त्या कोनाच्या बरोबर मधून जाणारी एक पितळी पट्टी. ओंडक्याच्या गोल तोंडावर मला ठेवायचं, माझे दोन्ही हात त्याच्या कडेला टेकवायचे आणि पट्टीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारायची. मग ओंडका थोडा फिरवून दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तो मध्य. तिथे लेथ यंत्राचं टोक रुतवलं, की ओंडका सुरळीत फिरतो आणि पटाशी लावून त्याचा खुर्चीचा पाय करा, भोवरा करा, काय हवं ते करा. आणि मध्य चुकला तर? अहो, यंत्र असं धडधडतं, की शेजारच्या टेबलावरचा चहाचा कप चालत चालत कडेला जातो!

माझा मालक कातारी आहे, म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून त्याला आकार देणारा. त्याच्या मुलीचा जन्म व्हायचा होता, तेव्हा तिच्या पाळण्याचे गज कातायला बसला आणि मध्य शोधायला हाताशी धड काही सापडेना. तेव्हा मोडक्या दाराच्या फळीतून त्यानं मला घडवलं. म्हणजे मी तिच्यापेक्षा थोडा मोठाच. घरात सगळे तिला ताई म्हणतात. मी मात्र मनातल्या मनात तिला धाकटी म्हणतो.

काय दिवस होते ते! पलंगाचे खूर, टेबलांचे पाय, लाटणी, खेळण्यातल्या गाड्यांची चाकं, सगळं माझ्या हाताखालून गेलं. मालक दोनच रेघा मारायचा आणि डोळे झाकून टोक रुतवायचा. कुणी म्हणालं, "अहो, एकदा मोजून तरी बघा," की तो म्हणायचा, "मध्यानं सांगितलं ना? मग झालं तर!" मी फुशारून जायचो. ताई मोठी झाली आणि बाबांच्या शेजारी उभी राहून कातायला लागली. तीही दोनच रेघा मारायची. बाबांचं पाहूनच शिकली ना ती.

मग ती दुपार आली. मालकानं मला हातात घेतलं होतं. अचानक त्याचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि आम्ही दोघं एकदमच जमिनीवर पडलो. ताईची आई आतून धावत आली, ताईनं बाबांचं डोकं मांडीवर घेतलं, शेजारी गाडी घेऊन आले. माझ्याकडे कोण बघणार? आणि बघूही नये अशा वेळी. मी लाकडाच्या किसात पडून राहिलो. नंतर ताईनं मला उचललं, पुसलं आणि खिळ्याला लावलं. माझी पट्टी केसभर वाकलीय, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मालक वाचला. पण उजवी बाजू गेली ती गेलीच, आणि बोलणंही अडखळायला लागलं. कारखान्याला लागून असलेल्या खोलीत त्याची खाट टाकली. भेटायला येणारे एकदा विचारायचे, "कसं वाटतंय?" तो काहीतरी पुटपुटायचा. ते आईकडे बघायचे आणि हळूच म्हणायचे, "काही कळत नाही हो." मग त्याला कुणी विचारेनासंच झालं. तो आपला डाव्या हातानं यंत्राकडे बोट दाखवत राहायचा.

मालकाचा धाकटा भाऊ बस चालवतो. माणूस प्रेमळ आहे, पण बसच्या वेळापत्रकासारखी त्याला सदा घाई. तो म्हणाला, "वहिनी, दादा सांगतोय ते कळत नाही का तुम्हाला? यंत्र विकून टाका म्हणतोय. रविवारी मी गिऱ्हाईक आणतो."

ताई म्हणाली, "काका, थांबा ना. बालवाडीच्या जिन्याला कठड्याचे गज हवेत. मी करून देते. जमलं तर यंत्र राहू दे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर न्या," ती म्हणाली.

तिनं मला काढलं, ओंडक्याला लावलं, दोन रेघा मारल्या आणि टोक रुतवलं. यंत्र सुरू झालं आणि धड धड धड! एका बाजूचं लाकूड भराभर उडालं, दुसऱ्या बाजूची साल तशीच. कातून कातून गज गोल झाला, तोवर त्याची काडी झाली होती. दुसरा तसाच. तिसराही तसाच. ती पटाशीला धार लावून बघायची, यंत्राचे बोल्ट आवळायची, पुन्हा मला उचलायची. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "धाकटे, तुझा हात चांगला आहे गं, माझी पट्टी बघ!" पण लाकडाला तोंड कुठलं?

शनिवारी काका डोकावला. ताई म्हणाली, "लाकूडच नीट नाही काका."

"नाचता येईना अंगण वाकडं!" काका हसला. मग तिचा चेहरा बघून ओशाळला. "अगं, गंमत केली. पण हे तुझं काम नाही, ताई. दादाची गोष्ट वेगळी होती."

मित्रांनो, या खेपेला अंगण खरोखरच वाकडं होतं हो!

तो जाईपर्यंत ताईनं दम धरला. मग किसात बसून ढसाढसा रडली. "माझ्या हातातच काही नाही," एवढंच म्हणत राहिली. मला फार वाईट वाटलं. शेवटी डोळे पुसून तिनं उरलेल्यातला एक ओंडका लावला. पुन्हा धड धड.

आणि दारात मालक उभा! इतके दिवस खाटेवरून तो ही धडधड ऐकत होता. आईच्या खांद्यावर एक हात, पाय फरपटत, घामानं निथळत. ताईनं यंत्र बंद केलं. त्यानं डाव्या हातानं मला उचललं, उजेडात धरलं, एक डोळा मिटून पट्टीवरून नजर फिरवली. आणि वाकड्या तोंडानं चक्क हसला.

त्यानं टेबलावरच्या कोऱ्या ओंडक्यावर मला टेकवलं. ताईनं रेघ मारली. ओंडका फिरवून दुसरी. ती थांबली, पण मालकानं मान हलवली आणि ओंडका आणखी फिरवला. तिसरी रेघ. पुन्हा फिरवला. चौथी. चारही रेघा खऱ्या मध्याला चुकवून बाजूनं गेल्या होत्या, एकही त्यावरून नाही. पण चौघींच्या मधे एक चिमुकला चौकोन उरला होता. मालकानं त्याच्या पोटात बोट टेकवलं.

ताईनं तिथे टोक रुतवलं. यंत्र सुरू केलं. धडधड नाही की थरथर नाही. कीस उडायला लागला, लांब, पातळ. चहाचा कप जागचा हलला नाही.

रविवारी काका गिऱ्हाईकाला घेऊन आला, तर भिंतीला गज ओळीनं उभे! त्यानं एकेकावरून हात फिरवला आणि खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं." मग मला हातात घेऊन बघितलं. "अगं, हा तर वाकलाय! टाकून दे, नवा आणतो मी."

"नको काका," ताई म्हणाली. "तो अजून मध्य दाखवतो. एकदा विचारून कळत नाही, चार बाजूंनी विचारावं लागतं, एवढंच."

बोलता बोलता तिची नजर दाराकडे गेली. दाराशी खुर्चीवर बाबा बसले होते, बोट यंत्राकडेच. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, यंत्र विकायचंय?"

त्यानं जोरानं मान हलवली. नाही.

"बंद ठेवायचंय?"

नाही.

"मी चालवू?"

हो. हो. डोळे भरून आले होते त्याचे.

ताईनं त्याचा लुळा हात हातात घेतला. "आणि तुम्हाला खाटेवर नाही, इथे बसायचंय? माझ्याजवळ?"

मालक लहान मुलासारखा रडायला लागला. आईनं पदर तोंडाला लावला. काकानं खाट उचलली आणि यंत्राशेजारी आणून ठेवली.

मित्रांनो, माझी पट्टी अजून वाकडीच आहे. पितळ जुनं झालंय, सरळ करायला गेलं तर तुटेल. ताईनं माझा खिळा खाली ठोकलाय, मालकाच्या डाव्या हाताला लागेल असा. रोज सकाळी तोच मला काढून तिच्या हातात देतो. तुमच्या घरातही कुणीतरी माझ्यासारखं असेल, पडून वाकलेलं. एकदा विचारून "काही कळत नाही" म्हणू नका रे. ओंडका फिरवा आणि पुन्हा विचारा.