जिन्यातला दिवा आणि शेवटचा प्रश्न

मास्तर खरं तर शिंपी. पण गल्लीत त्यांचं नाव कपड्यांपेक्षा अँटेनामुळे जास्त. कुणाच्या टीव्हीवर चित्र फुटलं की मास्तरांना बोलावणं यायचं, आणि मास्तर गळ्यात टेप अडकवून त्या घराच्या गच्चीवर चढायचे. अकरा घरांवरचे अँटेना त्यांनीच बसवले होते. ही विद्या ते कुठे शिकले, हे कुणी विचारलं नव्हतं. इतक्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाला विचारायचं तरी कसं?

आणि नेमक्या आजच्या दिवशी त्यांच्याच घरात चित्राच्या चिंध्या होत होत्या.

आज संध्याकाळी सातला त्यांची बायको टीव्हीवर दिसणार होती. प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम होता आणि चित्रीकरण महिन्यापूर्वीच झालं होतं. त्या दिवशी मास्तर कुठे होते? कुणाच्या तरी गच्चीवर, तारेचा गुंता सोडवत. "तासाभरात पोचतो" म्हणाले आणि पोचले तेव्हा स्टुडिओचा रखवालदार दाराला कुलूप घालत होता. बायको चिडली नाही, हेच वाईट झालं. चिडली असती तर भांडून मोकळं होता आलं असतं. जिंकली की हरली, याबद्दल ती महिनाभर चकार शब्द बोलली नव्हती. खोदून विचारलं की म्हणायची, "कळेल तेव्हा कळेल." मास्तरांना हे फार लागलं होतं. आजचा कार्यक्रम बघायचाच, मग आभाळ कोसळो, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दुपारी चारला चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि आवाज उचक्या देऊ लागला. मास्तरांनी आधी फ्रिज बंद केला. मग मिक्सरची वायर काढली. मग घरातले सगळे मोबाइल गोळा करून पिठाच्या डब्यात कोंबले, पिठासकट. शेवटी गच्चीवर गेले आणि तिथून ओरडले, "आलं का गं?"

"गेलं, बाबा!" लेक खिडकीतून ओरडली.

"आता?"

"आणखी गेलं!"

मास्तर वैतागून खाली आले. चहा पिऊन होतो तोवर चित्र आरशासारखं लख्ख. "बघ, हात लागला की कसं ताळ्यावर येतं," असं म्हणून खात्री करायला ते पुन्हा वर गेले, तर चित्र पुन्हा गेलं. असं पाच वेळा झालं. पाच कप चहाही झाला.

"बाबा, तुम्ही वर गेलात की जातं," लेक म्हणाली.

"म्हणजे काय, माझ्या अंगात वीज आहे?"

बायको मटार सोलत बसली होती. "राहू द्या हो," ती म्हणाली. "नाही दिसलं तर नाही दिसलं." मास्तरांना वाटलं, अजून राग गेलेला नाही. ते आणखी इरेला पेटले.

साडेसहाला दूधवाला जिना चढून वर आला आणि चित्र गेलं. अंगात वीज असलेली दोन माणसं एका गल्लीत असणं जरा जास्तच होतं. लेक उठून दाराबाहेर गेली. तिने मान वर करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

जिन्यात नवा दिवा होता. माणूस हलला की आपोआप लागणारा आणि पाच मिनिटांनी विझणारा. कार्यक्रम बघायला येणारी पाहुणेमंडळी अंधारात धडपडू नयेत म्हणून मास्तरांनीच तो कालच बसवला होता, स्वस्तातला, आणि अँटेनाची तार नीटनेटकी दिसावी म्हणून त्यालाच गुंडाळून वर नेली होती. दिवा लागला की तारेतून येणारं चित्र फुटत होतं. दिव्याला बटण ठेवलंच नव्हतं. आपोआप लागतो त्याला बटण कशाला? आता तो बंद करायचा तर घराची वीजच घालवावी लागणार होती, म्हणजे टीव्हीही गेला.

तोवर शेजारीपाजारी येऊन सतरंजीवर दाटीवाटीने बसले होते. मास्तर स्टूल आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जिन्यात गेले. चार स्क्रूंपैकी तीन निघाले, चौथा हटून बसला. मास्तर त्याला शिव्या घालत होते, तेवढ्यात सात वाजले.

"बाबा, हलू नका!" आतून लेक ओरडली. "पहिलीच आई आहे!"

आत जावं तर हालचाल होणार, हालचाल झाली की पाच मिनिटं गेली, आणि पाच मिनिटांत बायकोचं सगळं आटोपणार. मास्तर स्टुलावर, एक हात वर, जागच्या जागी थिजले. सुरुवातीच्या जाहिरातींत दिवा विझला. आतून आवाज स्वच्छ येऊ लागला. बायको बोलत होती! पहिलं उत्तर बरोबर, दुसरं बरोबर, चौथ्याला टाळ्या. मास्तरांच्या नाकाला खाज सुटली होती आणि डोळे भरून आले होते, आणि दोन्हींसाठी हात हलवायची सोय नव्हती. दिसत काही नव्हतं, पण अभिमान वाटायला दिसावं लागत नाही.

"शेवटचा प्रश्न," निवेदक म्हणाला. "छपरावरच्या अँटेनाची कोणती बाजू प्रक्षेपण केंद्राकडे हवी? आखूड काड्यांची की लांब काड्यांची?"

मास्तरांचे डोळे लकाकले. हा तर त्यांचाच प्रश्न!

एवढ्यात दार उघडून बायको बाहेर आली आणि दोन्ही हात हलवू लागली. दिवा लागला. आत आवाजाने उचकी दिली आणि सगळे एका सुरात ओरडले, "गेलं!"

"अगं, काय केलंस हे!" मास्तर स्टुलावरून पडता पडता वाचले.

"मुद्दाम केलं." तिने दार ओढून घेतलं. "मी लांब काड्या म्हटलं. तुम्ही नेहमी सांगता ना, मोठं तोंड पुढे. वर हेही सांगितलं की आमचे हे यातले जाणकार आहेत, गल्लीतले अकरा अँटेना त्यांनीच लावलेत." तिने दिव्याकडे पुन्हा हात हलवला. "उत्तर आखूड होतं. सगळा स्टुडिओ हसला."

मास्तर हळूच स्टुलावर टेकले. अकरा. सगळे उलटे. आणि त्या अकरा घरांतली माणसं आत सतरंजीवर बसली होती.

"म्हणून महिनाभर बोलली नाहीस?"

"काय बोलणार? मला हसले त्याचं काही नाही. तुम्हाला हसले." तिचा हात अजून हलत होता. "कार्यक्रमाच्या शेवटी ते सगळं पुन्हा दाखवतात. संपायला अजून वीस मिनिटं आहेत."

आतून लेक विचारत होती, "बाबा, सापडला का बिघाड?"

"सापडला!" मास्तर ओरडले. "जरा वेळ लागेल!"

मग ते स्टुलावर सरकले, बायकोला शेजारी जागा करून दिली आणि दिव्याकडे बघत स्वतःही हात हलवू लागले.